पेठेचा पैसा पेठेत

पुण्याची बाजारपेठ निसर्गाने वसवलेली नाही. मुळा-मुठेच्या पात्रातून मालाची गलबते कधी चालली नाहीत, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला, आणि कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटांच्या माथ्याशी जुन्नर-चाकणसारखी ठाणी पुण्याच्या आधीपासून व्यापार सांभाळून होती. तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सराफ, जवाहिरे, कापडवाले आणि भांडेकरी ज्या गावाकडे डोळे लावून बसत, ते गाव पुणे झाले. दूरच्या मुलखातून वसूल होऊन आलेला पैसा राजधानीत एक रात्र वस्ती करून पुन्हा परमुलखात निघून गेला तर राजधानी ही नुसती छावणी होऊन राहते, आणि तोच पैसा येथल्या कारागिराच्या, दुकानदाराच्या व हमालाच्या हातून चार वेळा फिरला तर गावाला शहरपण येते, ही समजूत पेशवाईतील कारभाऱ्यांनी ग्रंथात कोठे मांडली नसली तरी त्यांच्या पेठा वसवण्याच्या पद्धतीवरून ती स्पष्ट दिसते. या समजुतीचे पुढे काय झाले, ती सरकारच्या दफ्तरातून नागरिकांच्या व्रतात कशी उतरली आणि त्या व्रतात कोणते न्यून राहिले, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

बाजीरावाने १७३० साली शनिवारवाड्याचे काम सुरू केले तेव्हा कसबा, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार या जुन्या वस्त्या बहुतेक तुटपुंज्या आणि विस्कळीत होत्या. पुढील साठ-सत्तर वर्षांत जीवाजीपंत खासगीवाल्यांनी शुक्रवार व वेताळ या पेठा वसवल्या, सरदार रास्त्यांनी आपल्या नावाची पेठ उभी केली, नाना फडणविसांनी हनुमान पेठ वसवली तिला लोक पुढे नाना पेठ म्हणू लागले, आणि ओसाड माळावर एकामागून एक बाजार भरले. नवी पेठ वसवावयाची म्हणजे वसवणाऱ्याने प्रथम सरकारचा कौल मिळवावयाचा. त्या कौलाने नव्याने येऊन दुकान मांडणाऱ्या उदमी लोकांना काही सालांपुरती मोहतर्फ्याची आणि इतर पट्ट्यांची माफी मिळे, घर बांधावयास जागा मिळे, आणि मुदत संपल्यावर कर हळूहळू चढत्या हप्त्यांनी बसे. पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार नेमलेले असत. परगावचे वाणी, साळी, कासार, तांबट यांना विश्वास देऊन आणावे, त्यांना जागा नेमून द्यावी आणि त्यांच्या आपसांतील कज्जांचा निवाडा करावा हे शेट्याचे काम; आणि त्याबद्दलचा त्याचा हक्क रोकड पगाराच्या रूपाने नसून वाण्याकडून मूठभर सुपाऱ्या, तेल्याकडून पळीभर तेल, चांभाराकडून वर्षाकाठी जोडा अशा पेठेतल्याच जिनसांच्या रूपाने त्याला पोचत असे. पेठ चालली तर शेट्याचे घर चाले, आणि पेठ बसली तर शेट्याचे वतन कागदावर राहून त्याच्या कोठीत काही येत नसे. बाजाराची भरभराट आणि अधिकाऱ्याचे पोट इतक्या घट्ट गाठीने बांधणारी व्यवस्था पुढे कोणत्याही नगरपालिकेला साधलेली नाही.

कोतवालाचे काम नुसते चोर धरण्याचे नव्हते. वजनेमापे तपासणे, धान्याचा निरख पाहणे, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणे ही बाजाराची कामे त्याच्याच चावडीवर होत. श्रावणमासात रमण्यावर दक्षिणा वाटली जाई तेव्हा देशोदेशींचे विद्वान आणि भिक्षुक पुण्यात लोटत, आणि जी रक्कम सरकारी खजिन्यातून बाहेर पडे तिचा मोठा अंश पुण्याच्याच कापडवाल्याच्या, भांडेवाल्याच्या आणि हलवायाच्या गल्ल्यात जाऊन पडत असला पाहिजे. या व्यवस्थेतील जुलूम आणि विषमता मी झाकू इच्छीत नाही. कोतवाली कारभाराच्या जाचाच्या तक्रारी त्या काळच्या कागदांतच आहेत. परंतु राज्याचा खर्च राजधानीतल्याच हातांना काम देऊन करावा, एवढी एक गोष्ट त्या कारभारात शाबूत होती.

१८१८ साली पेशवाई संपली आणि तीही नाहीशी झाली. दरबार गेला, सरदार आपापल्या गावी गेले, पागा मोडल्या, आणि ज्यांचे कसब त्यांच्या मागणीवर चालले होते ते किनखाबवाले, जरीवाले, शस्त्रे घडवणारे एका पिढीच्या आत निराधार झाले. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय औद्योगिक स्थित्यंतरावरील ग्रंथात नागरी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची जी कारणे दिली त्यांत देशी दरबारांचा अस्त, परकी सत्तेने बदललेली अभिरुची आणि यंत्राच्या मालाची स्पर्धा ही तीन प्रमुख आहेत, आणि पुण्यासारख्या शहरात ही तिन्ही कारणे एका रांगेत उभी असलेली दिसतात. शहराच्या पूर्वेला लष्कर वसले. तेथे पारशी आणि बोहरी व्यापाऱ्यांची दुकाने विलायती कापड, काचसामान, मेणबत्त्या आणि बिस्किटे यांनी भरली. आणि 'गाव' व 'लष्कर' अशा दोन पुण्यांची नावे लोकांच्या तोंडी रुळली. १८५८ मध्ये आगगाडी पुण्याला आली, पुढे पाच वर्षांत बोरघाटाचा रस्ताही तिला खुला झाला, आणि मुंबईच्या गोदीत उतरलेले मँचेस्टरचे ठाण घाट चढून थेट रविवार पेठेत येऊ लागले. ते स्वस्त होते, तलम होते, आणि पुणेकर गृहस्थाने ते घेतले यात त्याचा दोष मानावयाचा तर आपण सर्वच आज त्या दोषाचे धनी आहोत.

या लाटेला शब्दाने अडविण्याचा पहिला ठळक प्रयत्न गोपाळ हरी देशमुखांचा. मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या नावाने त्यांनी जी शतपत्रे लिहिली त्यांत स्वजनांच्या आळसावर आणि अज्ञानावर कठोर टीका असूनही, येथे होणारे कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरावे, परदेशी माल घेऊन येथला कारागीर बुडवू नये, असा स्पष्ट उपदेश आहे. बंगालच्या फाळणीच्या अर्धशतक आधी हा विचार मराठीत लिहिला गेला, आणि तो लिहिणारा गृहस्थ सरकारी नोकरीत होता. मात्र उपदेश छापला जातो तितक्या सहजतेने तो दुकानापर्यंत पोचत नाही. दुकानात जाऊन उभा राहणारा माणूस पुण्याला आणखी वीस वर्षांनी मिळाला.

गणेश वासुदेव जोशी मूळचे साताऱ्याचे, पुण्यात वकिली करणारे. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांची गाऱ्हाणी होती, त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली आणि तिच्या कामात जोशी इतके बुडून गेले की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा असा नियम होता. पंचाण्णव सभासदांनी सहा हजारांच्या वतीने बोलावे अशी ती रचना होती. दुसऱ्या वर्षी महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात बदली होऊन पुण्यास आले आणि १८७२-७३ च्या सुमारास व्यापार या विषयावर त्यांनी मराठीत व्याख्याने दिली. देशाचे दारिद्र्य कोठून येते, कच्चा माल बाहेर जाऊन पक्का माल आत येत राहिला म्हणजे मधली मजुरी कोणाची बुडते, हे रानड्यांनी शांत, हिशेबी भाषेत मांडले. आणि एकाने हाच विचार त्याआधीच स्वतःच्या अंगरख्यापर्यंत नेला होता. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी स्वदेशी वस्त्रच वापरण्याची शपथ घेतली, हाताने कातलेल्या सुताचे धोतर, अंगरखा आणि पागोटे वापरण्यास आरंभ केला, आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात, जेथे संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी लवलेले होते, तेथे सभेचे प्रतिनिधी म्हणून ते त्याच जाड्याभरड्या पोशाखात उभे राहिले.

दिल्लीचा हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुण्यातला, कमी सांगितला जाणारा भाग. काकांनी 'देशी व्यापारोत्तेजक मंडळ' स्थापन केले, आणि शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तू देशी माणसांकडून करवून घेऊन त्या विकण्याची तजवीज केली. या यादीकडे लक्ष द्यावे. तीत शालू नाही, दागिना नाही. कचेरीतल्या कारकुनाला लागणारी शाई आहे, घरच्या बाईला लागणारा साबण आहे, पावसाळ्यात कोणालाही लागणारी छत्री आहे. महिन्याच्या महिन्याला ज्या वस्तूवर आणे-दोन आणे खर्च होतात, तिच्यावरच कारागिराचे पोट चालते. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या खरेदीवर ते चालत नाही. वकिली करणाऱ्या आणि दुकानदारीची सवय नसलेल्या माणसाने हे ओळखले, आणि माल महाग पडे, खप कमी होई, तेव्हा येणारी तूट काकांनी स्वतः झीज सोसून भरली. १८८० मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या पाठीमागे तो उद्योग तितक्या जोमाने चालला नाही, आणि ज्या गोष्टीचा भार एका माणसाच्या खिशावर असतो तिचे असेच होते.

याच काळात पुण्यात एक दुसरा आवाज होता, आणि तो ऐकल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरणारी भाजीबाजाराची गर्दी हलवून शुक्रवार पेठेत मोठ्या खर्चाने पक्की मंडई बांधावी असा प्रस्ताव निघाला तेव्हा जोतीरावांनी त्यास विरोध केला. गरिबांच्या शिक्षणासाठी पैसा नसता इमारतीवर तो ओतावा हे त्यांना अन्यायाचे वाटले. इमारत झालीच. अष्टकोनी मनोऱ्याची, दगडी कमानींची ती वास्तू १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली आणि पुढे तिलाच महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्याने तिच्या खर्चावर आक्षेप घेतला त्याच्या नावाने ती आज शहराला भाजी पुरवते, यात मला जोतीरावांचा पराभव दिसत नाही; कारण मंडईच्या ओट्यावर बसणारी माळीण आणि तिच्या मागे पाटाच्या पाण्यावर राबणारा शेतकरी ही त्यांच्याच चिंतेची माणसे होती. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात विलायती यंत्राच्या मालाने साळी, कोष्टी आणि अनेक बलुतेदार कसे देशोधडीला लागले याचे वर्णन आहे, आणि ते पेठेतल्या सुशिक्षितांच्या व्याख्यानांपेक्षा अधिक जवळून पाहिलेले आहे. घेणाऱ्याचे व्रत आणि करणाऱ्याची भूक या दोन टोकांपैकी दुसरे टोक जोतीरावांनी धरले होते. ही दोन टोके पुण्यात एकत्र आली असती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता असे मला प्रामाणिकपणे वाटते. ती आली नाहीत.

१८९० मध्ये रानड्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली आणि पश्चिम हिंदुस्थानसाठी एक औद्योगिक संस्था उभी केली. परिषदेत निबंध चांगले वाचले गेले. मग १९०५ साल आले, बंगालची फाळणी जाहीर झाली, आणि ७ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या सुमारास, विद्यार्थ्यांनी जमवलेल्या परदेशी कपड्यांची गाड्यांतून मिरवणूक काढून मुठेपलीकडे होळी केली. विनायक दामोदर सावरकर त्यात पुढे होते. टिळक आणि शिवरामपंत परांजपे यांची भाषणे झाली. कॉलेजच्या अधिकाऱ्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. राष्ट्रभावनेच्या इतिहासात त्या रात्रीचे मोल मोठे आहे आणि ते कमी करण्याचा माझा हेतू नाही. तथापि शहराच्या अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर जळालेल्या कोटाच्या जागी जो नवा कोट आला तो बहुधा मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या गिरणीतल्या कापडाचा आला. गिरण्यांची चलती झाली. पुण्याच्या पेठेतल्या मागावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. 'देश' हा शब्द मोठा झाला तेव्हा 'गाव' त्यात दिसेनासे झाले. काकांच्या यादीतील शाई आणि छत्री यांची जागा होळीने घेतली, आणि एका रात्रीत जे त्यागता येते त्याच्या जागी देशी वस्तू रोज विकत घेण्याची शिस्त मात्र मागे पडली.

या नियमाला एक सुंदर अपवाद झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकी एक पैसा मागून उद्योगासाठी निधी जमवण्याची कल्पना गावोगाव फिरवली; त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला, ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशी शिकून आलेला तज्ज्ञ त्यास मिळाला, आणि काचकामात तरबेज झालेली माणसे तेथून बाहेर पडून इतरत्र हा धंदा करू लागली. ज्याने पैसा दिला त्याला तो कोठे गेला हे तळेगावच्या स्टेशनवर उतरून डोळ्यांनी पाहता येत होते.

पुढाऱ्यांच्या या सर्व खटपटींच्या खाली, कोणी व्याख्यान न देता, पुण्यात एक जुनी रीत चालत राहिली होती आणि पेठेचा पैसा पेठेत ठेवण्याचे खरे काम तिने केले. कसब्यात तांबट आळी आहे. त्वष्टा कासारांची ही घरे पेशवाईत कोकणाकडून येऊन तेथे स्थिरावली. दरबार होता तोवर सरकारी कामे होती, तो गेल्यावर त्यांनी हंडे, घंगाळी, बंब, तपेली घडवून पोट भरले. ओट्याच्या आत लोखंडी खुंटावर पत्र्याचा गोल फिरवीत, पायाच्या अंगठ्याने तोल सांभाळीत, तांबट हातोडीचा एकेक ठोका एकाला एक लागून असा घालतो की भांड्याच्या अंगावर चकचकीत खवल्यांच्या ओळी उमटतात. याला मठारकाम म्हणतात. ते शोभेसाठी आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो, परंतु ठोक्यांनी पत्रा आवळला जाऊन भांड्याला कणखरपणा येतो, आणि लग्नात आलेला बंब नातवाच्या मुंजीपर्यंत टिकतो.

आता या एका भांड्याभोवती किती हात फिरत ते पाहावे. भांडे तोलून घ्यावयाचे; धातूचा भाव निराळा, मजुरी निराळी. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट कळकते म्हणून वर्षातून दोन-तीनदा कल्हईवाला दारी येणार, अंगणात खड्डा करून भाता लावणार, नवसागर टाकून कथील फिरवणार. पोचा आला तर आळीत ठोकून आणावयाचा. आणि भांडे अगदीच झिजले म्हणजे ते फेकावयाचे नाही. मोड म्हणून दुकानदाराला घालावयाचे, त्याने ते तोलून तेवढी किंमत नव्या भांड्यातून वजा करावयाची, आणि ती मोड पुन्हा धातू होऊन बाजारात फिरावयाची. पत्रा पुष्कळ वेळा विलायतेहून आलेला असे हे खरे आहे, स्वदेशीच्या कडव्या अभिमान्याला ते टोचलेही असेल. पण घडाई, कल्हई, दुरुस्ती, मोड या चारही वळणांवरचा पैसा गावातल्या माणसाच्या हातात पडे. वाण्याकडची उधारीही याच रीतीचा भाग. पगार संपल्यावरचे आठ-दहा दिवस कित्येक संसार वाण्याच्या वहीवर निभत; दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होई, त्याआधी जुने खाते शक्यतो चुकते करावे असा संकेत असे, आणि एखाद्या घरात आजारपण निघाले तर खाते न बोलता पुढच्या वहीत ओढले जाई. अशी पत कोणत्याही पेढीने तारणावाचून दिली नसती. वाणी ती देई, कारण गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या दुकानात जाणार नाही याची त्याला खात्री होती आणि गिऱ्हाइकाला तिचा मान होता.

ही रीत मोडली ती एका आघाताने मोडली नाही. प्रथम जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली, ती हलकी आणि स्वस्त. मग स्टेनलेस स्टील आले, त्याला कल्हई नको. मग प्लास्टिक आले, त्याला दुरुस्तीच नाही आणि त्याची मोडही कोणी घेत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत गाडगिळांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली व जिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, तीत लहान कारखानदार, हातकारागीर आणि दुकानदार यांची बारकाईने मोजदाद आहे. एखाद्या शहराने आपल्या पेठांचा असा पै-पैचा हिशेब मागावा ही गोष्ट आज पुन्हा घडावी असे मला मनापासून वाटते. जकातनाक्यांवर गावात येणाऱ्या मालाची नोंद होत असे, तो कारभारही १ एप्रिल २०१३ पासून संपला. जकातीचा जाच गेला हे बरे झाले, परंतु बाहेरून काय येते आणि येथले काय बंद पडते हे सांगणारे एक दफ्तरही तिच्याबरोबर मिटले.

आता आपल्या दारी माल आणणारा मुलगा बहुधा कोणत्या पेठेतून निघाला हे आपल्याला माहीत नसते, आणि आपण दिलेल्या रुपयातला कितवा हिस्सा या शहरात राहिला हे तर त्यालाही माहीत नसते. मी बाहेरच्या मालाची होळी करा म्हणत नाही. पुण्याची पेठच बाहेरून आलेल्या तांबट-वाण्यांनी उभी केली आहे. माझे मागणे काकांच्या यादीएवढे आहे: महिन्याच्या खर्चातल्या चार किरकोळ वस्तू, वहीपासून झाडूपर्यंत, अशा माणसाकडून घ्याव्यात की ज्याचे घर आपल्याला ठाऊक आहे, आणि मोडलेली वस्तू टाकण्यापूर्वी ती दुरुस्त करणारा या गावात आहे काय याची एकदा चौकशी करावी.

बहुतेक वेळा तो असतो. कसब्यातल्या तांबट आळीत काम करणारी घरे आज थोडी उरली आहेत. त्यांतल्या काहींकडे आता लांबच्या शहरांतून मागण्या येतात, जुन्या मठारकामात नव्या घडणीच्या वस्तू तयार होतात, आणि पुण्यात नव्याने उठलेल्या घरांतही पाण्यासाठी तांब्याचे भांडे पुन्हा आले आहे. फक्त ते बहुधा परगावी यंत्रावर दाबून काढलेले असते. शनिवारवाड्यापासून ही आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे घडवलेले भांडे काही रुपयांनी महाग पडते, आणि ते अधिकचे रुपये मजुरीचे असतात.